सीडब्ल्यू कॉन्टेस्टमधलं क्यूआरएम: फिल्टर अरुंद करूनही कॉल निसटतो, तुम्ही काय करता?

तिसरी_डिट

मंडळी नमस्कार. हॅम रेडिओवरच्या सीडब्ल्यू, म्हणजे मॉर्सच्या, कॉन्टेस्ट (ठरलेल्या वेळात जास्तीत जास्त स्टेशनांशी संपर्क करायची स्पर्धा) खेळायला लागून मला दोन वर्षं झाली. स्पीड आता मिनिटाला २५ ते २८ शब्दांना बऱ्यापैकी बसलाय, रिग (रेडिओ सेट) साधा १०० वॅटचा आणि अँटेना एक इन्व्हर्टेड व्ही. एरवीच्या निवांत क्यूएसओमधे (दोन स्टेशनांतल्या संपर्कात) मला काही अडचण येत नाही, पण मोठी कॉन्टेस्ट आली की क्यूआरएमने (इतर स्टेशनांच्या व्यत्ययाने) माझं सगळं गणित कोलमडतं.

नोव्हेंबरच्या शेवटच्या वीकेंडला सीक्यू वर्ल्डवाइड सीडब्ल्यू असते ना, ४८ तासांची, त्यात रात्री ४० मीटरवर बसले होते. ७००० पासून ७०४० किलोहर्ट्झपर्यंत मुंगी शिरायला जागा नव्हती. एक बारीक स्टेशन सापडलं, माझ्यासाठी नवीन मल्टिप्लायर (गुणांना गुणणारा नवा देश किंवा झोन), आणि त्याच्या १५० हर्ट्झ खाली एक दांडगं स्टेशन सलग सीक्यू (कुणीही या, अशी हाक) मारत बसलेलं. मी फिल्टर ५०० हर्ट्झवरून २५० केला, मग १००, मग ५०. पन्नासला आल्यावर दांडगा गेला खरा, पण उरलं ते सगळं घंटा वाजल्यासारखं, डिट (मॉर्सचं टिंब; लांब रेघ म्हणजे डा) कुठे संपली आणि पुढची कुठे सुरू झाली काही कळेना. कॉलमधला (स्टेशनच्या ओळखनावातला) आकडा ४ की ५, म्हणजे शेवटचा एकच डा का डिट, एवढाच प्रश्न होता, मी तीनदा ऐकून ५ घेतला आणि नंतर लॉग चेकिंगच्या रिपोर्टमधे बघते तर तो ४. फार लागलं मनाला, कारण ते स्टेशन मी खरंच ऐकलं होतं.

तर पहिलं म्हणजे फिल्टरचं माझं काय चुकतंय. दुसरं, एक किलोहर्ट्झ लांबच्या स्टेशनची टक् टक् माझ्या फ्रिक्वेन्सीवर येते ती माझ्या रिसीव्हरची की त्याच्या ट्रान्समीटरची, हे ओळखायचं कसं? आणि तिसरं, मी स्वतः सीक्यू करत असताना कुणी डोक्यावर येऊन बसलं तर भांडायचं की उठून जायचं? मी दोन्ही करून बघितलंय आणि दोन्ही वेळा रेट (तासाला होणारे संपर्क) शून्यावर आला.

---

गेन_खाली_करा

फिल्टरच्या आधी माझा एक प्रश्न, प्रीअँप (अँटेनाचा सिग्नल वाढवणारा टप्पा) चालू होता का? आणि आरएफ गेन (रिसीव्हरची संवेदनशीलता) पूर्ण उघडा? बहुतेक दोन्हीचं उत्तर हो असणार, कारण रिग घरी आणल्यावर आपण एकदा ते लावतो आणि परत त्याला हात लावत नाही.

रात्री ४० मीटरवर बँडचा स्वतःचाच आवाज इतका असतो की रिसीव्हरच्या संवेदनशीलतेचा प्रश्नच उरत नाही. एक सोपी परीक्षा घ्या. रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर या आणि अँटेना काढा. हेडफोनमधला आवाज एकदम पडला तर तुमच्याकडे गेन गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहे. मग अँटेना परत लावा आणि अँटेना असताना-नसतानाचा फरक नीट कळत राहील इतपतच अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारी सोय) टाकत जा. तेवढ्याने एकही कमजोर स्टेशन बुडत नाही, कारण त्याची लढाई बँडच्या आवाजाशी आहे आणि अटेन्युएटर दोघांनाही सारखाच खाली आणतो.

फायदा कुठे होतो तर दांडगी स्टेशनं रिसीव्हरच्या आत एकमेकांत मिसळून जी भुतं तयार करतात तिथे. १० डीबीचा अटेन्युएटर टाकला की खरे सिग्नल १० डीबीने उतरतात पण ही तिसऱ्या ऑर्डरची भुतं ३० डीबीने उतरतात. कॉन्टेस्टच्या रात्री आपण ज्याला क्यूआरएम म्हणतो त्यातला बराचसा आपल्याच रिसीव्हरच्या पोटात जन्मलेला असतो, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा खरंच वाटलं नव्हतं. नॉइज ब्लँकर (ठिणग्यांसारखा खरखराट कापणारी सोय) चालू असेल तर तोही बंद करा, भरलेल्या बँडवर तो दांडग्या सिग्नललाच ठिणगी समजून तोडतो आणि सगळा कचरा आजूबाजूला पसरतो.

एजीसीचंही (सिग्नलप्रमाणे गेन आपोआप कमीजास्त करणाऱ्या सोयीचं) तेच. काही रिगमधे एजीसी अरुंद फिल्टरच्या आधीचा सिग्नल बघून चालतो, म्हणजे दांडगा तुम्हाला ऐकू येत नाही पण त्याच्या प्रत्येक डा बरोबर तुमचं बारीक स्टेशन दबतं आणि परत वर येतं. तसं होत असेल तर आरएफ गेन खाली घ्या, ऑडिओ वर घ्या, एजीसी फास्ट ठेवा. पूर्ण बंद करणार असाल तर मात्र आधी ऑडिओ लिमिटर आहे का ते बघा, अचानक शेजारचा कुणी मॉर्सची की दाबून बसला तर थेट कानाच्या पडद्यावर येतं.

---

पाचशे_हर्ट्झ

गेनचं वर आलंय ते शंभर टक्के खरं. मी घंटेबद्दल लिहितो कारण मी स्वतः पाच-सहा वर्षं तिच्यात अडकलो होतो.

३० च्या स्पीडला एक डिट ४० मिलिसेकंदांची असते (१२०० ला स्पीडने भागा, झालं). फिल्टर जेवढा अरुंद तेवढा तो उशिरा शांत होतो, ५० हर्ट्झचा साधारण २० मिलिसेकंद गुणगुणत राहतो. म्हणजे अर्धी डिट! दोन डिटमधली मोकळी जागा पण ४० चीच, त्यातली निम्मी या गुणगुणीने भरली. मग ४ मधला शेवटचा डा आणि ५ मधली शेवटची डिट यात कानाला फरक सापडणार कुठून, त्यात जरा क्यूएसबी (सिग्नलचं वरखाली होणं) असलं की संपलंच. ३० च्या स्पीडच्या सिग्नलला स्वतःलाच १२० हर्ट्झच्या आसपास जागा लागते, तुम्ही ५० चा फिल्टर लावून दांडग्याला तर कापलंतच पण ज्याला ऐकायचंय त्याच्याही कडा कापल्यात. माझा फिल्टर कॉन्टेस्टभर २५० ते ३०० वर असतो, मोकळा बँड असला तर ५००, आणि २०० च्या खाली मी अगदी नाइलाज झाला तरच जातो.

त्यापेक्षा अरुंद करण्याऐवजी सरकवा. २५० चा फिल्टर ठेवून आयएफ शिफ्टने तो अशा बाजूला न्या की तुमचं स्टेशन फिल्टरच्या कडेला येईल आणि दांडगा बाहेर पडेल. तुमच्या उदाहरणात तो १५० खाली होता, शिफ्ट ७० ते ८० वर नेली असती तर तो फिल्टरच्या उतारावरून घसरून गेला असता आणि घंटाही वाजली नसती.

आता दुसरी गोष्ट, पिच, म्हणजे सिग्नल ज्या सुरात ऐकू येतो तो. तुमचा पिच किती आहे? ७०० हर्ट्झ असेल तर ४५० वर आणून बघा, पहिले दोन दिवस विचित्र वाटेल. कान दोन सूर वेगळे करतो ते प्रमाणावर, नुसत्या हर्ट्झवर नाही. ६० हर्ट्झ अंतरावरची दोन स्टेशनं ७०० आणि ७६० ला ऐकलीत तर फरक साडेआठ टक्के, कोमल रे च्या थोडं पुढे. तीच ४०० आणि ४६० ला ऐकलीत तर १५ टक्के, सा पासून शुद्ध रे च्या पण पलीकडे. तीच दोन स्टेशनं, तोच रिग, फक्त एक सेटिंग बदललं आणि दोन माणसं वेगवेगळी बोलताना ऐकू यायला लागतात.

आणि कानाची आणखी एक खोड आहे, खालचा सूर वरच्या सुराला झाकतो, वरचा खालच्याला तेवढा झाकत नाही. तुमचा दांडगा खालच्या बाजूला होता म्हणजे सगळ्यात वाईट जागी. अशा वेळी सीडब्ल्यू रिव्हर्स दाबा. ऐकण्याची बाजू (साइडबँड) उलटली की तुमचं स्टेशन त्याच पिचला राहतं पण जो खाली होता तो वर जातो. रिगवरचं हे बटण लोक वर्षानुवर्षं दाबतच नाहीत, मला तर वाटतं कॉन्टेस्टसाठी सगळ्या रिगवर ते पुढच्या बाजूला आणि मोठं असायला हवं. आवाजही कमी ठेवा, ही झाकाझाकी आवाज वाढवला की वाढते, आणि मोठ्या आवाजात ४८ तासांतले पहिले सहा झाले की कान थकतो आणि मग काहीच वेगळं करता येत नाही. ऑटो नॉच मात्र बंद, तो सलग सूर शोधून मारतो आणि सीडब्ल्यूमधे तुम्हाला हवाय तोही सूरच आहे.

---

की_क्लिक

टक् टक् कुणाची ते ओळखणं अवघड नाही. नॉइज ब्लँकर बंद करा, मग १० किंवा २० डीबीचा अटेन्युएटर टाका. क्लिक्स तेवढ्याच प्रमाणात खाली आल्या तर त्या खरंच हवेतून येतायत, म्हणजे समोरच्याच्या. दुपटी-तिपटीने खाली आल्या किंवा गायबच झाल्या तर त्या तुमच्या रिसीव्हरमधे तयार होत होत्या.

समोरच्याच्या असतील तर त्या क्षणी तुमच्या हातात फार काही नाही, ३०० ते ५०० हर्ट्झ सरका. कॉन्टेस्ट चालू असताना त्याला 'क्लिक्स' म्हणून सांगायला जाऊ नका, तो ते वाचणारच नाही. नंतर रेकॉर्डिंग जोडून शांतपणे मेल करा. मला स्वतःला असा मेल आला होता आणि ज्याने पाठवला त्याचा मी आजही आभारी आहे. माझ्या रिगमधे कीइंगचा राइज टाइम (डिट पूर्ण जोराला पोचायला लागणारा वेळ) फॅक्टरीतनं २ मिलिसेकंदांवर होता, मला पत्ताच नाही, मी आपला अभिमानाने अँप्लिफायर लावून रात्रभर सीक्यू करतोय आणि दोन्ही बाजूंचे लोक हैराण. तो ६ वर नेला, अँपला ढकलणं बंद केलं, म्हणजे ड्राइव्ह पॉवर सेटिंगनेच कमी ठेवली आणि एएलसीच्या (पॉवर आपोआप आवरणाऱ्या सोयीच्या) भरवशावर सोडली नाही, कारण एएलसी पहिल्या डिटला उशिरा पकडते आणि तिथेच एक ठिणगी उडते. मग एका वेबएसडीआरवर (इंटरनेटवरून ऐकता येणाऱ्या रिसीव्हरवर) स्वतःचाच सिग्नल उघडून बघितला. आधी वॉटरफॉलवर (पडद्यावरच्या सिग्नलच्या चित्रात) प्रत्येक डिटला केरसुणीसारख्या काड्या बाहेर यायच्या, नंतर एक बारीक सरळ रेघ. तिसरी_डिट, तुम्हीपण तुमचा सिग्नल एकदा असा बघाच, शेजारी लांब बसायला लागले की आपल्यालाही ऐकायला जागा मिळते.

---

तिसरी_डिट

बापरे, एवढं सगळं. सगळ्यांचे मनापासून आभार. मेनूत जाऊन बघितलं, माझा राइज टाइम ४ आहे, तो ६ केला. प्रीअँप चालूच होता, अँटेना काढून बघितली तर आवाज इतका पडला की मला वाटलं रिग बंद झाला. १२ डीबीचा अटेन्युएटर टाकला तरी फरक कळत होता. पिच ७०० होता तो सध्या ५०० केलाय, ४५० ला माझा हातच बिथरला कारण साइडटोनपण (स्वतः पाठवताना ऐकू येणारा सूर) खाली गेला आणि मॉर्स पाठवायच्या पॅडलवर चुका व्हायला लागल्या, सावकाश उतरेन. बुधवारच्या सीडब्ल्यूटीत (दर आठवड्याच्या छोट्या मॉर्स कॉन्टेस्टमधे) करून बघते, एक तासाचीच असते पण गर्दी भरपूर. तोवर भांडायचं की जायचं ते कुणीतरी सांगा ना.

---

वरच्या_कोपऱ्यात

जायचं. १०० वॅट आणि इन्व्हर्टेड व्ही ने रात्रीच्या ४० मीटरवर जागा धरून ठेवणं म्हणजे भर पुरात काठी रोवून उभं राहणं. पण आधी तो तुमच्या डोक्यावर का बसला ते समजून घ्या, कारण राग तिथेच निम्मा होतो. रात्री ४० ची उडी लांब पडते, तुमच्यापासून काही शे किलोमीटरवरचं स्टेशन तुम्हाला ऐकू येत नाही आणि त्याला तुम्ही ऐकू येत नाही. तो क्यूआरएल ('फ्रिक्वेन्सी कुणी वापरतंय का?') विचारतो, तुम्ही तिथेच असता पण त्याला शांतता ऐकू येते, तो सीक्यू सुरू करतो. तुम्हा दोघांना लांबून ऐकणारा तिसरा मात्र दोघांच्या मधे अडकतो. तुमचा रेट पडला, लोक तुमचा कॉल अर्धाच घ्यायला लागले किंवा रिपोर्ट तीन-तीनदा मागायला लागले की समजायचं तिथे, त्यांच्याकडे, कुणीतरी आलंय, तुम्हाला फ्रिक्वेन्सी चकाचक वाटत असली तरी.

माझा नियम असा की दहा सीक्यू ला कुणी आलं नाही किंवा सलग तीन जणांनी रिपीट मागितला की मी उठतो. वर जातो. कॉन्टेस्टमधे गर्दी खालून वर पसरते आणि कमजोर स्टेशनला वरच्या कोपऱ्यात जास्त ऐकू येतं, आपल्या परवान्यात आणि बँड प्लॅनमधे बसतं तेवढंच बघून आणि ७०७४ च्या एफटी८ (कॉम्प्युटरवरचा डिजिटल मोड) वाल्यांपासून लांब राहून. रविवारी दुपारनंतर तर मोठी स्टेशनं नवीन कॉलसाठी आसुसलेली असतात, तेव्हा छोट्या स्टेशनने सर्च अँड पाउन्स (सीक्यू करणाऱ्यांना शोधून कॉल देणं) करत फिरावं.

---

धरून_बसा

वरच्या_कोपऱ्यात, तुमचा अनुभव मोठा आहे तरी मी इथे थोडा असहमत आहे. लगेच उठायची सवय लागली की माणूस कॉन्टेस्टभर जागाच शोधत फिरतो. बरेचदा ५० ते १०० हर्ट्झ बाजूला सरकलं तरी काम होतं, जे तुम्हाला कॉल करतायत ते तुमच्या मागे येतात कारण त्यांच्या फिल्टरमधे तुम्ही अजून आहातच. आणि आपल्या फ्रिक्वेन्सीवर पोकळी राहू द्यायची नाही. सीक्यू छोटा, एकदा 'टेस्ट' (कॉन्टेस्टची हाक), एकदा कॉल, दोन सेकंद ऐकायचं, परत. लांबलचक सीक्यू आणि मग पाच सेकंद शांत बसलात तर कुणीही म्हणेल जागा मोकळी आहे, आणि त्याचं चुकत नाही. कुणी क्यूआरएल विचारला तर ताबडतोब एक 'आर' पाठवायचा.

एका गोष्टीत मात्र दुमत नाही, मुद्दाम त्रास देणारा आला, कॅरिअर (सलग सूर) सोडून बसला किंवा तुमच्याच कॉलवर डिटचा सडा घालतोय, तर त्याला एक अक्षर उत्तर द्यायचं नाही. तुम्हाला काही फरक पडलाय हे त्याला कळता कामा नये. त्याला तेवढंच हवं असतं.

---

गेन_खाली_करा

दोघांचंही वाचलं, माझं मत वरच्या_कोपऱ्यात कडे झुकतंय, निदान १०० वॅटला. पण मधला एक मुद्दा राहिला. क्यूआरएम फक्त आपल्याकडेच नसतं, समोरच्याकडेही असतं, आणि तिथे फिल्टर आपला नाही, आपल्या हातात फक्त पाठवणं आहे.

त्याने रिपीट मागितला की त्याने काय मागितलं तेवढंच द्या. नंबर मागितला तर नंबर दोनदा, पुढे ५एनएन (५९९, ठरलेला सिग्नल रिपोर्ट) लावू नका, ते त्याला आधीच माहितीय आणि तेवढ्या वेळात क्यूएसबीची एक लाट निघून जाते. मे महिन्यातल्या डब्ल्यूपीएक्स कॉन्टेस्टमधे सिरियल नंबर असतात तिथे पहिल्यांदा शून्याला टी आणि ९ ला एन चालतं, पण रिपीटला पूर्ण आकडे पाठवा, एका डा चा टी कुणाच्या क्लिकमधे कुठे गेला ते कळतसुद्धा नाही, पाच डा चं शून्य मात्र दोन डा हरवले तरी ओळखू येतं. स्पीड दोन-चार शब्द खाली घ्या. आणि पाइलअपमधे (एकाच स्टेशनला अनेक जण कॉल करतात तेव्हा) सगळे स्पॉटवर (इंटरनेटवर दिलेल्या फ्रिक्वेन्सीवर) क्लिक करून एकाच सुरावर येतात, त्यांची मिळून एक सलग शिट्टी होते ज्यातून कुणालाच बाहेर काढता येत नाही. एक्सआयटीने (फक्त पाठवायची फ्रिक्वेन्सी सरकवणाऱ्या नॉबने) ८० ते १०० हर्ट्झ बाजूला व्हा आणि एक श्वास थांबून एकदाच कॉल द्या. १०० वॅटवाला असाच निघतो.

सरावाला मॉर्स रनर हा कॉम्प्युटर प्रोग्रॅम आहेच. त्यात क्यूआरएम, क्यूआरएन (वातावरणाचा खरखराट), क्यूएसबी वेगवेगळे चालू करता येतात, फिल्टरची रुंदी आणि पिचपण बदलता येतो. तिसरी_डिट, रोज दहा मिनिटं फिल्टर ३०० च्या खाली न नेता बसा, सुरुवातीला अंगावर येईल.

---

तिसरी_डिट

सीडब्ल्यूटी झाली, लिहायला उशीर झाला. १२ डीबी अटेन्युएटर, एजीसी फास्ट, फिल्टर २५० आणि एकदाही त्याच्या खाली गेले नाही, दोनदा हात गेला होता पण मागे घेतला. पहिली दहा मिनिटं नुसता गलका वाटला, मग कधी कोण जाणे तो गलका वेगवेगळ्या माणसांचा व्हायला लागला. एक बारीक स्टेशन होतं, त्याच्या खाली साधारण १०० वर एक जोरदार, मी रिव्हर्स दाबलं आणि तो जोरदार टुणकन वर गेला आणि बारीकचं नाव मला पहिल्या फटक्यात मिळालं, त्याचा मेंबर नंबरपण. मी खुर्चीत सरळ बसले. तासाभरात ३१ क्यूएसओ झाले, आधी १८ च्या वर कधी गेले नव्हते. आणि पंधरा मिनिटं सीक्यू केलं त्यात एकदा जागा सोडली, ६० हर्ट्झच सरकले, दोघं जण मागे आले.

एक शंका आहे, रिव्हर्स दाबल्यावर माझी ट्रान्समिट फ्रिक्वेन्सी बदलते का? दर वेळी भीती वाटत होती की मी भलतीकडेच पाठवतेय.

---

पाचशे_हर्ट्झ

नाही बदलत. रिव्हर्सने फक्त ऐकण्याची बाजू उलटते. पण त्यातच एक पडताळा लपलाय, बटण दाबल्यावर त्या स्टेशनचा सूर तसाच राहिला तर तुम्ही अगदी झिरो बीटवर (नेमक्या त्याच्याच फ्रिक्वेन्सीवर) आहात, आणि सूर वरखाली झाला तर जेवढा हलला त्याच्या निम्म्याने तुम्ही बाजूला आहात, व्हीएफओने (मुख्य ट्यूनिंग नॉबने) तेवढं जुळवा आणि मग कॉल द्या. आरआयटी (फक्त ऐकायची फ्रिक्वेन्सी सरकवणारा नॉब) लावलेला असेल तर आधी शून्यावर आणा, नाहीतर हा पडताळा फसवतो.

३१ म्हणजे मस्तच. ४५० पर्यंत कधी उतरताय ते कळवा. ७३ (शुभेच्छा).